मुक्ताचा थांबा

ड्राफ्टच्या दिवशी जुन्या खेळाडूंनी घरी बसावं, असा एक अलिखित नियम आहे. मुक्ता गावंडेने तो मोडला. गेले नाही तर लोक म्हणतील घाबरली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. म्हणून वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती सकाळी अकरा वाजता ‘नागपूर वाघिणी’ या बास्केटबॉल संघाच्या क्लब हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसली. आणि पडद्यावर एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं नाव आलं तेव्हा आपला चेहरा कुठे ठेवावा हे तिला कळेना.

हर्षाली पाडवी. तालुका धडगाव, जिल्हा नंदुरबार. उंची सहा फूट. जागा पॉइंट गार्ड.

टाळ्या झाल्या. मग हॉलमधल्या सगळ्यांनी एकदा मुक्ताकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारी, बाकीच्या चौघींना खेळवणारी. वाघिणींमध्ये गेली दहा वर्षं ती मुक्ता होती, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे तिथल्या चहावाल्यालाही समजत होतं.

ड्राफ्ट ही भानगड ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. दर जूनला देशभरातल्या नव्या मुली लीगच्या रांगेला लागतात आणि बारा संघ पाळीपाळीने त्यांना उचलतात. पहिली पाळी कुणाची? तर मागच्या मोसमात जो संघ तळाला राहिला त्याची. दुबळ्याच्या हाती काहीतरी लागावं, हा हेतू मोठा उदात्त. पण माणूस मोठा वस्ताद प्राणी. वाघिणी गेल्या मोसमातले शेवटचे पाच सामने हरल्या होत्या, आणि त्या पाचही सामन्यांत मुक्ताला ‘विश्रांती’ दिली होती. पायांना बरं वाटेल म्हणून ती मनातल्या मनात खूशच झाली होती. संघ हरावा म्हणूनच आपल्याला बसवलं होतं, हे तिला आत्ता, टाळ्या चालू असताना कळलं.

तरी पूर्वीचा काळ बरा होता म्हणायचं. पूर्वी पहिल्या नंबरची पोरगी आली तरी जुनीला दोन-तीन वर्षं ठेवून घ्यायचे, कारण नव्या पोरीकडे नुसते पाय असायचे आणि खेळातलं शहाणपण जुनीकडे असायचं. ते शहाणपण द्यायला वेळ लागायचा. आता लागत नव्हता. आता ‘छाप’ आली होती.

छाप म्हणजे एक घट्ट पोशाख, घोट्यापासून खांद्यापर्यंत. त्याच्या कापडात केसाहून बारीक तंतू विणलेले असतात. स्नायू आखडण्याआधी त्याला मेंदूकडून विजेचा एक बारीकसा इशारा येतो. कोणत्या स्नायूला, किती जोराचा आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत नेमका कधी, ते हे तंतू टिपतात. मुक्ताने तो पोशाख सहा वर्षं अंगात घातला होता. दुखापती टळाव्यात म्हणून, असं तेव्हा सांगितलं होतं.

नव्या मुलीच्या अंगात तसलाच पोशाख चढवतात, पण तो उलटा चालतो. तो इशारे टिपत नाही, देतो. समोरची खेळाडू डावीकडून अंगावर आली की या मुलीने काही ठरवायच्या आत पोशाख तिच्या पोटरीला चिमटा काढतो आणि जुनीचा पाय पडायचा तिथेच हिचाही पडतो. कानामागे एक चकती लावलेली असते. सायकल एकदा आली की ती जन्मभर विसरू न देणारा जो मेंदूचा मागचा भाग आहे, त्याला ती हलक्या लहरी देत राहते. सहा आठवड्यांनी पोशाख काढला तरी पाय तसेच पडतात. मुलीला वाटतं, हे आपलंच आहे. मुक्ताची दहा वर्षं अशी सहा आठवड्यांत उतरवून घेता येत होती, आणि मग उरलेली मुक्ता कुणालाही देऊन टाकता येत होती.

ती कोचीच्या संघाला दिली गेली. मॅनेजर श्रीरंग केळापुरे यांनी दुसऱ्याच दिवशी केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितलं. चहा मागवला, बिस्किटं पुढे केली.

“मुक्ताताई, तुमच्याबद्दल आम्हाला काय वाटतं हे मी वेगळं सांगायला नको.”

“बदल्यात काय मिळून राहिलं तुम्हाला?” तिने विचारलं.

“पुढच्या ड्राफ्टमधल्या दोन पाळ्या. दुसऱ्या फेरीतल्या.”

म्हणजे दोन मुली. त्यांची नावं अजून कुणालाच माहीत नव्हती. कुठेतरी बारावीच्या वर्गात बसल्या असतील बिचाऱ्या.

“कोचीवाल्यांना एका मोसमासाठी अनुभवी माणूस हवंय,” केळापुरे म्हणाले. “पुढे त्यांच्याकडेच कोचिंगचंही होईल, मी शब्द टाकलाय. तुमची मेडिकल फाइल पाहून तर ते चाटच पडले. चौतीस वर्षं आणि एकही दुखापत नाही. फक्त सहा आठवडे इथे थांबा. मूळ माणूस समोर खेळत असलं की छाप लवकर मुरते.”

मुक्ताने बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून तळाला गेलं. एक मोसम तर एक मोसम. मैदानावरून उतरायची कल्पनाच तिला सोसत नव्हती. कोची काय, कुणी अंदमानला पाठवलं असतं तरी ती गेली असती.

हर्षाली पाडवी पहिल्या दिवशी आली ती हातात आमचुराची पिशवी घेऊन. “आयने दिलंय,” ती म्हणाली, आणि वाकून पाया पडली. मुक्ताने ठरवून आणलेला राग तिथेच अर्धा गळाला. पोरगी रागावण्यासारखी नव्हतीच. आश्रमशाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, जाळी नसलेल्या रिंगवर शिकलेली. तिच्या उड्या पाहून मुक्ताला हेवा वाटायचा. वर गेली की खाली यायची घाईच नसायची तिला.

“ताई, एक विचारू? रागवणार नाही ना?”

“विचार.”

“मी आले म्हणून तुम्हाला काढलं ना?”

“तू नसती आली तर दुसरी आली असती,” मुक्ता म्हणाली. “बूट नीट बांध आधी.”

पंधरा दिवसांत दोघींची गट्टी जमली. मुक्ताचा नवरा हेमराज शाळेत चित्रकला शिकवायचा. त्या दोघांना मूल नव्हतं. रविवारी हर्षाली घरी जेवायला यायची, हेमराजशी भांडून स्वतः भाकरी थापायची, आणि त्याने वाढलेल्या सावजी रश्श्याने नाक-डोळे पुसत बसायची. “हिला कोचीला घेऊन जाऊ आपण,” हेमराज म्हणायचा. घर हसतं राहायचं त्या दिवशी.

तिसऱ्या आठवड्यात ते घडलं. पाच-पाच जणींचा सराव सामना होता आणि हर्षालीच्या अंगावर पोशाख होता. चेंडू घेऊन ती उजवीकडून आत घुसली, उजव्या पायावर उतरली, क्षणभर अडली, आणि समोरची मुलगी उडी मारून मोकळी झाल्यावर डाव्या पायाने रेटा देऊन तिच्या काखेखालून निघून गेली. सगळ्या जागच्या जागी थांबल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. हा ‘मुक्ताचा थांबा’ होता. देशभरातल्या पोरी आरशासमोर हा थांबा घोटायच्या आणि कुणालाच तो जमायचा नाही. समालोचक त्याला प्रतिभा म्हणायचे.

मुक्ताने मात्र टाळी वाजवली नाही. तिची नजर हर्षालीच्या उजव्या पायावर होती. उतरताना पायाचा चवडा बाहेर वळला होता आणि गुडघा आतल्या बाजूला कलला होता. ती काही प्रतिभा नव्हती. ते दुखणं होतं. मुक्ताचं स्वतःचं दुखणं, त्या पोरीच्या धडधाकट पायात जसंच्या तसं उतरलेलं.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. मोसम संपल्यावर गल्लीतल्या रिंगवर पोरांशी खेळताना मुक्ताचा उजवा गुडघा आतून कट्कन वाजला होता. गुडघ्यातला बंध अर्धवट फाटला होता, हे आता तिला कळतं. तेव्हा एवढंच कळलं की क्लबच्या डॉक्टरकडे गेलं तर फाइलमध्ये नोंद होईल, आणि गुडघ्याची नोंद झालेल्या खेळाडूला ट्रेडमध्ये, म्हणजे संघांच्या अदलाबदलीत, कुणी फुकटही घेत नाही. हेमराजने त्याच्या मावशीच्या ओळखीने आर्वीकडच्या एका गावातला हाडवैद्य शोधला. मोटरसायकलवर मागे बसवून तो तिला दर आठवड्याला तिकडे न्यायचा. लेप, बांबूच्या पट्ट्या, वर कापडाचे घट्ट वेढे. क्लबला कळवलं टायफॉइड. ओळखीच्या दवाखान्याचं सर्टिफिकेटही जोडलं. सात आठवड्यांनी ती पुन्हा मैदानात उतरली.

सूज गेली होती, पण बंध सैल राहिला तो राहिलाच. उजव्या पायावर उतरून झटकन वळलं की कळ मस्तकात जायची. म्हणून ती वळायच्या आधी थांबू लागली. चवडा बाहेर टाकायचा, कळ ओसरू द्यायची, मग डाव्या पायाने निघायचं. तेवढ्या वेळात समोरची फसायची. वर्षभरात लोकांनी त्याला नाव दिलं. दरवर्षीच्या तपासणीत पायांची ताकद मोजायचे, आणि ताकद तर तिने मरमर करून कमावलेली होती. आतला फोटो ज्यांची तक्रार असेल त्यांचाच काढायचे. तिची तक्रार कधी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी ती ऋजुता पाध्येकडे गेली. ऋजुता छापेच्या विभागातली इंजिनियर, तिशीची, जेवणाचा डबा संगणकासमोर उघडणारी. मुक्ताने इकडचं तिकडचं बोलून मग हळूच विचारलं, “समजा एखादीला जुनी दुखापत असली, तर तीपण उतरते का गं नव्या पोरीत?”

“छे, ती आम्ही वजा करतो,” ऋजुता घास घेत म्हणाली. “दुखऱ्या अंगाला सांभाळत माणूस काहीतरी वाकडंतिकडं शिकतोच. फाइलमध्ये दुखापतीची तारीख असते. त्याआधीचा आणि नंतरचा खेळ ताडून पाहायचा आणि तेवढं काढून टाकायचं.”

“पण टिपणं सुरू होण्याआधीची असली तर?”

“तरी फाइलमध्ये नोंद असली की पुरे. कुठला सांधा, ते कळलं की यंत्र तिथे संशय घेतं.”

“आणि नोंदच नसली तर?”

ऋजुताचा घास हातात राहिला. “मग यंत्राला कसं कळणार? त्याला स्नायूने काय केलं ते दिसतं, का केलं ते दिसत नाही. ते लंगडणंसुद्धा कसब म्हणून उचलेल.” मग तिने मुक्ताकडे नीट पाहिलं. “तुमचं काय टेन्शन? तुमच्या फाइलमध्ये टायफॉइडशिवाय काही नाही.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मुक्ताला वाटलं, ही आता माझ्या गुडघ्याकडेच बघणार. तरी तिने विचारलंच, “समजा गुडघाच असला, सैल राहिलेला. मग त्या पोरीचं काय होईल?”

“अवलंबून आहे. सैल गुडघा हिसका सोसतो, सैल दारासारखा. घट्ट दाराला तोच हिसका बसला की बिजागरी जाते. चांगल्या गुडघ्यात तो सगळा भार आतल्या गादीवर येईल. रोज थोडी थोडी झिजेल. दुखायला लागेपर्यंत अर्धी संपलेली असते. तीन मोसम, फार तर चार. मग चालतानाही त्रास.”

“काढता येतं का ते?”

“आत्ता, मुरायच्या आधी, येतं. पण वर्षभर चेंडूला हात लावायचा नाही, आणि बाकीची छापही त्याच्यासोबत जाते. कोऱ्या पाटीसारखं सगळं पहिल्यापासून. असं का विचारताय, ताई?”

“सहज,” मुक्ता म्हणाली.

संध्याकाळी तिने हेमराजला सांगितलं. तो वहीत पोरांची चित्रं तपासत होता. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” तो म्हणाला. “नऊ वर्षं झाकली. आता तीन आठवडे राहिले तर उघडून राहिली तू?”

“पोरीचा पाय जाईल, हेमराज.”

“आणि तू सांगितलं तर तुझं काय जाईल? आजन्म बाद करतील. कोची गेलं, कोचिंग गेलं. पेपरात येईल, खोटं सर्टिफिकेट देणारी. हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझ्या पायाचं तू पाहिलं, तिच्या पायाचं ती पाहील.”

“तिला माहीतच नाही, तर पाहील काय?”

हेमराजने वही मिटली. मग फार हळू आवाजात म्हणाला, “वैद्याकडे मी नेलं होतं तुला. तू नाही म्हणत होती.” हे तो नऊ वर्षांत पहिल्यांदाच बोलला. त्याला तिची नाही, स्वतःचीच शरम वाटत होती, आणि ती झाकायला तो तिच्यावर चिडत होता. मुक्ताला त्याची कीव आली आणि रागही आला. त्या रविवारी त्याने हर्षालीला जेवायला बोलवू दिलं नाही. पोरीने फोन करून विचारलं तर म्हणाला, घरी पाहुणे आहेत.

मुक्ताने दोन आठवडे तसेच काढले. रोज सकाळी ठरवायची आज बोलू, आणि रोज मैदानावर पाऊल टाकलं की चेंडूचा आवाज ऐकून तिचं मन कच खायचं. अजून एक मोसम. चाळीस सामने. ती काही साधूसंत नव्हती. तिला खेळायचं होतं. पण रोज तो वळलेला चवडा दिसायचा, आणि आता पोशाख नसतानाही तसाच वळायचा.

शेवटी पाचव्या आठवड्यात ती केळापुऱ्यांच्या केबिनमध्ये शिरली, दार लावून घेतलं, आणि वैद्यापासून टायफॉइडपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला रडू आलं नाही. उलट हलकं वाटलं. आता जे व्हायचं ते होईल, निदान पोरगी वाचेल.

केळापुऱ्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

“हे तुम्ही अजून कुणाला सांगितलंय?”

“घरी. अजून कोणाला नाही.”

“मग मलाही सांगितलं नाही, असं समजू.”

मुक्ताला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. “साहेब, तिचा गुडघा तीन वर्षांत जाईल. ऋजुता म्हणते.”

“तीन वर्षं पुष्कळ झाली, ताई.” त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “चौथ्या वर्षी तिला आम्ही ठेवणारच नव्हतो. तुम्हाला दहा वर्षं ठेवलं, कारण तेव्हा छाप नव्हती. आता दर तीन वर्षांनी पहिल्या पाळीची मुलगी घ्यायची, जुनीची छाप उतरवायची, जुनीला ट्रेड करायचं. सगळे संघ तेच करतायत. आणि खरं सांगू? तो थांबा पेलेल अशी मुलगी मिळावी म्हणूनच तर आम्ही शेवटचा नंबर पत्करला. थांबाच काढून टाकला तर हर्षालीसारख्या उंच मुली रांगेत वीस आहेत.”

“तीन वर्षांनी तिची छाप घ्याल?”

“घेणारच.”

“म्हणजे त्याच्या पुढच्या पोरीतही हेच उतरेल. आणि तिच्या पुढच्या.”

केळापुरे उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. “तुम्हाला लीगला पत्र लिहायचं असेल तर मी अडवू शकत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही बाद व्हाल. हर्षालीची छाप रद्द होईल. वर्षभर घरी बसलेली, कोरी झालेली मुलगी मालक ठेवणार नाहीत, आणि एकदा निवड झालेल्या मुलीला ड्राफ्टमध्ये पुन्हा उभं राहता येत नाही. ती धडगावला परत जाईल. तुम्ही शांतपणे विचार करा.”

मुक्ता बाहेर आली. तिने आयुष्यात एकदाच खरं बोलायचं धाडस केलं होतं आणि समोरच्याने ते चहाच्या कपासारखं बाजूला सरकवून ठेवलं होतं. तिची लबाडी आता तिची राहिलीच नव्हती. क्लबने ती विकत घेतली होती.

आता एकच माणूस उरलं होतं. हर्षाली व्यायामशाळेच्या जिन्यात शेवटच्या पायरीवर बसून केळं खात होती. मुक्ता तिच्या शेजारी बसली आणि तिने तिलाही सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. शेवटी म्हणाली, “तू फक्त हो म्हण. मी उद्याच लीगला पत्र लिहिते. माझं जे व्हायचं ते होऊ दे. तुझा पाय राहील.”

हर्षालीने केळ्याचं साल हातातल्या हातात घडी करून ठेवलं. मग ती स्वतःच्या गुडघ्याकडे बघू लागली. मुक्ताला वाटलं, आता ही रडेल, किंवा आपल्या थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

“तीन वर्षं नक्की ना?” पोरीने विचारलं.

“काय?”

“तीन तरी नक्की टिकेल ना?”

“हर्षाली, तू बावीस वर्षांची असशील. म्हातारीसारखी चालशील.”

“आणि पत्र लिहिलं तर एकोणिसाव्या वर्षी घरी जाईन. पाय घेऊन.” ती रागाने बोलत नव्हती, तेच जास्त लागत होतं. “ताई, आमच्या गावातून नंदुरबारला जायला तीन तास लागतात. तिथून इथे यायला एक दिवस लागतो. मला इथे यायला अकरा वर्षं लागली. माझ्या दोन बहिणी माझ्यामुळे शहरात शाळेला जायला लागल्यात. तीन वर्षांत धाकटी बारावी होईल. चांगला पाय तिथे कुणाला हवाय?”

“मी केलेलं पाप तू का भोगायचं?”

“तुम्ही का लपवलं होतं?”

मुक्ताने मान खाली घातली.

“खेळायचं होतं म्हणूनच ना? मग मलाही खेळायचंय.” हर्षालीने तिचे दोन्ही हात धरले. मोठे, खरखरीत हात होते पोरीचे. “पत्र नका लिहू, ताई. तुमच्या पाया पडते. माझ्यावर उपकार करायचे असतील तर हे एवढं करा.”

मुक्ताला पत्र लिहिता आलं असतं. पोरीचा हट्ट मोडून तिचा पाय वाचवता आला असता, आणि पुढच्या, अजून शाळेत असलेल्या कुणा दोघी-चौघींचाही. तिने ते लिहिलं नाही. हर्षालीने हात धरले म्हणून लिहिलं नाही, की कोचीचा मोसम हातचा जाऊ नये म्हणून, हे पुढे कधी तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. हेमराजने विचारलं नाही. त्याने गुपचूप सामान बांधायला घेतलं आणि कोचीच्या घराचे फोटो फोनवर दाखवत राहिला, आणि ती बघत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी हर्षाली पुन्हा त्या जिन्यात तिची वाट बघत उभी होती. व्यायामशाळेत कुणी नव्हतं.

“ताई, छापेत जे आलं ते आलं,” ती म्हणाली. “पण एक गोष्ट आलेली नाही. ती तेवढी शिकवून जा.”

“कोणती?”

“दुखायला लागलं की कुणाला कळू नये म्हणून काय करायचं.”

मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. पिशवी खाली ठेवली, कठड्याला हात न लावता पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, “बघ. दुखरा पाय हळू टाकायचा नाही. दोन्ही पाय सारखेच हळू टाकायचे. एकच पाय हळू पडला की माणसाच्या डोळ्यांत भरतं. दोन्ही हळू पडले की लोक म्हणतात, दमली आहे. आणि चढताना कोणाशी तरी बोलत राहायचं, म्हणजे श्वास का लागला ते विचारत नाहीत.”

ती सहा पायऱ्या चढली, बोलत बोलत, हसऱ्या चेहऱ्याने. मग वळून खाली बघत उभी राहिली.

हर्षालीने अंगातला पोशाख खांद्यावर सारखा केला, आणि पहिल्याच खेपेला अगदी बरोबर चढून दाखवलं.